नॉर्मलची पट्टी

डॉ. पांढरीपांडे मॅडम माणसाकडे बघताना डावा डोळा मिटायच्या. उमेदीची सगळी वर्षं एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपवर गेली, तेव्हा जडलेली ही सवय. पुढे डिपार्टमेंटला दोन डोळ्यांचा नवा मायक्रोस्कोप आला, पण मॅडमचा डावा डोळा काही उघडला नाही. समोर डीन असो की चहावाला, तो डोळा मिटला की समजायचं, आपली चकती कापून काचेवर ठेवली गेली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी विभागात लागलो. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी मायक्रोस्कोपखाली काचा लावायच्या आणि अवयवांच्या बरण्यांची खोली सांभाळायची, हे माझं काम. आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट. बापानं आणि आज्यानं हातमागावर लुगडी विणली, मी बी.एस्सी. झालो आणि ते कधी लपवलं नाही, दारावरच्या पाटीवरही लिहिलं. पहिल्या दिवशी मॅडमना नाव सांगताना मी पुढं ‘बी.एस्सी.’ जोडलं. डावा डोळा मिटला.

“ते काय आडनाव आहे?”

“नाही मॅडम, डिग्री.”

“असं. घरी काय करतात? विणतात ना? मग सांग, उभा धागा आणि आडवा धागा, कोणता तुटला की कापड वाया?”

“कोणताही तुटला तरी जोडता येतो, मॅडम.”

“इथं येत नाही. लक्षात ठेव, ग्रॅज्युएट.”

त्या दिवसापासून मी सगळ्या डिपार्टमेंटचा ‘ग्रॅज्युएट’ झालो. टोमणा आहे हे मला कळत होतं. पण शब्द खरा होता, म्हणून मी ओ देत राहिलो.

पोरं मागं त्यांना ‘कैची’ म्हणायची. हे नाव जिभेवरून पडलेलं. त्या जिभेचा एक नमुना सांगतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा मॅडमचा विषय. खेड्यापाड्यातल्या बायांचे बोराएवढे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्याकडे यायचे. त्यांच्या काचा झाल्या की मॅडम प्रत्येक काचेवर एकच गोष्ट शोधत : पडदा. वरच्या पेशींचा थर आणि खालचं मांस यांच्यामध्ये एक फार पातळ पडदा असतो. पेशी कितीही बिघडल्या, एकमेकींच्या डोक्यावर चढल्या, तरी त्या पडद्याच्या वर आहेत तोवर तेवढा भाग काढून बाई वाचते. पडदा फोडून खाली उतरल्या की तो पसरणारा कॅन्सर. एकदा तोंडी परीक्षेत एका पोरानं काच बघून सांगितलं, “पडदा शाबूत वाटतो, मॅडम.”

“वाटतो? हा तुझ्या आईचा तुकडा आहे असं समज आणि मग सांग.”

पोराचे डोळे भरून आले. बाहेरून आलेले परीक्षक हळूच म्हणाले, “मॅडम, याची आई ह्याच रोगानं गेली आहे.”

मॅडमनी डावा डोळा मिटून पोराकडे पाहिलं. “मग याला तर यायलाच पाहिजे होतं,” म्हणाल्या आणि नापास केलं. तो पुढच्या खेपेला पास झाला. मॅडमचं नाव काढलं की तो आजही दुसरा विषय काढतो.

गंमत अशी की ‘कैची’ हा मॅडमचा स्वतःचाही आवडता शब्द होता. पडदा आपोआप फाटत नाही. तो कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा असतो आणि कोलॅजन कापणारी एन्झाइम्स शरीरातल्या पेशीच सोडतात. मॅडम त्यांना कैच्या म्हणत. निरोगी माणसातही त्या असतात. जखम भरताना, बाळंतपणानंतर गर्भाशय आकसताना त्या बाहेर निघतात आणि काम झालं की आत ठेवल्या जातात. कॅन्सरमध्ये त्या आत जातच नाहीत. दशकाच्या मध्याला परदेशी जर्नलांमधून येऊ लागलं होतं, की चामखीळ आणणाऱ्या जातीचा एक विषाणू, पॅपिलोमा, या कॅन्सरच्या पेशींत सापडतो आणि त्याची दोन प्रथिनं तिथं बनत राहतात. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर : ई-सिक्स आणि ई-सेव्हन. मॅडम त्यांना ‘दोघे भाऊ’ म्हणत.

“हे दोघे भाऊ पेशीला वाढायला लावतात, ते ठीक,” त्या म्हणायच्या, “पण पेशीच्या हातात कैची कोण देतं? चोर बाहेरचा आहे ग्रॅज्युएट, पण कैची घरचीच असते.”

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. त्यांना नवरा नव्हता, मूल नव्हतं. नागपूरच्या महाल भागातल्या घरी एक बहीण होती, तिच्याशी भाजीपुरतं बोलणं. जे होतं ते हा प्रश्न होता.

नागपुरात तेव्हा विषाणूची प्रथिनं वेगळी काढायची सोय कुठली? मॅडमनी युक्ती केली. एक्स-रे फिल्मवरचा काळा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो, आणि जिलेटिन म्हणजे उकळलेलं कोलॅजनच. रद्दीतल्या एक्स-रेच्या काळ्याभोर कडा कापून पट्ट्या करायच्या, ओल्या करून त्यांवर ताज्या तुकड्याची चकती ठेवायची आणि पट्ट्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे शरीराइतक्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. कैची बाहेर आली असेल तर ती जिलेटिन खाते आणि काळ्या पट्टीवर स्वच्छ खिडकी पडते. कधी पट्टीच्या टोकाला कुणाची तरी अर्धी बरगडी आलेली असायची.

नियम एकच. रोगट तुकड्याच्या शेजारी निरोगी तुकड्याची पट्टी पाहिजेच. तिच्यावरही खिडकी पडली तर सगळा प्रयोग खोटा. “नॉर्मलची पट्टी कुठंय?” हा प्रश्न मॅडम इतक्यांदा विचारत, की तो प्रयोगशाळेबाहेरही सुटायचा. आमचा अटेंडंट रामाजी एकदा पेढे घेऊन आला.

“नातू झाला, मॅडम. लई हुशार हाय.”

“कधी झाला?”

“परवा.”

“मग हुशार कोणाच्या मानानं? नॉर्मलची पट्टी कुठंय?”

रामाजीनं पेढ्याचा पुडा पुढं धरला. मॅडमनी पेढा खाल्ला, वर म्हणाल्या, “खवा बरा आहे. हे मी तुलना करून सांगते.”

ह्या पट्ट्यांचं काम होतं डॉ. तिडक्यांकडे. ते मॅडमचे लेक्चरर, नरखेडकडच्या, संत्र्याच्या बागांच्या खेड्यातले, माझ्यासारखेच घरातले पहिले शिकलेले. कमी बोलणारा, नेमका माणूस. मॅडमना त्यांच्याइतका चांगला हात दुसरा मिळाला नव्हता, आणि म्हणूनच असेल, सगळ्यात जास्त धार त्यांच्यावरच चालायची. “तिडके, संत्रं सोलणं आणि काच कापणं यात फरक असतो.” एकदा मीटिंगमध्ये तिडके आपणहून बोलले, की रंग जुना झाल्यामुळे काचा फिक्या येत आहेत. ते खरं होतं. मॅडम म्हणाल्या, “विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तोंड हा तुझा सगळ्यात बिघडलेला अवयव आहे. रिपोर्ट लिहू का?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “साहेब, मनावर नका घेऊ.”

तिडके चष्मा पुसत होते. म्हणाले, “मनावर नाई घेत गा. जपून ठेवून राहिलो.”

चंद्रकला आली ती होळीच्या सुमारास. उमरेडची, माझ्या मावशीच्या गल्लीतली, विणकराच्या घरची सून. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, आणि आता अंगावरून जात होतं. तपासणीच्या दिवशी ती आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. तिचं तिथं काही काम नव्हतं. मी ओळखीचा होतो, एवढंच.

“भाऊ, मले एकच सांगा. पोट राहीन ना?”

“डॉक्टर सांगतील.”

“डॉक्टर इंग्रजीत सांगून राहिले. तुमी तं आपले.”

तिची काच मॅडमनी माझ्यासमोर पाहिली. पेशींत त्या विषाणूची खूण होती, आत पोकळी पडलेल्या पेशी. थर बिघडला होता. पण पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. मूल नाही म्हणून स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडापुरता भाग काढून गर्भाशय ठेवायचं ठरवलं होतं. मॅडमही म्हणाल्या, “पडदा शाबूत. तोंडापुरतं काढा.”

मी बाहेर येऊन चंद्रकलेला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग हसली. “पोरगं झालं तं तुमाले मामा म्हणवीन, भाऊ. मंग इंग्रजीत नका बोलू त्याच्याशी.”

ऑपरेशनची तारीख लांबत गेली. उन्हाळा चढला. एप्रिलात तिचा आणखी एक ताजा तुकडा घेतला, तो पट्टीवर ठेवला, आणि पट्टीवर खिडकी पडली.

हिवाळाभर अशी खिडकी फक्त पसरलेल्या कॅन्सरच्या तुकड्यांनी पाडली होती. पडदा शाबूत असलेल्या तुकड्यानं पाडलेली ही पहिली. मग पाठोपाठ तशा दुसऱ्या बायांच्या पट्ट्यांवरही पडू लागल्या. मॅडम पट्ट्या हातात घेऊन डिपार्टमेंटभर फिरल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. “ग्रॅज्युएट, दोघे भाऊ सापडले! पडदा फाटायच्या आधीच कैच्या बाहेर!” रद्दीतले एक्स-रे तेव्हा मिळेनासे झाले होते, पट्ट्यांची ओढाताण होती. मॅडमनी स्वतःच सांगितलं, “नॉर्मलवर वाया घालवू नका. नॉर्मल काय करतं ते आता पाठ झालंय.”

आणि त्यांनी स्त्रीरोग विभागाला फोन लावला. मी बरण्यांच्या खोलीची चावी द्यायला खोलीत आलो होतो. तिडके पट्ट्यांचा ट्रे धरून टेबलाशी उभे होते.

“त्या उमरेडच्या बाईचं सगळं काढा. तोंडापुरतं नको. तिच्या कैच्या बाहेर आल्यात. पडदा आज आहे, उद्या नसेल.” पलीकडून काही बोलणं झालं. “मूल पाहिजे, ते कळलं. मूल होऊन आई मेली, तर मूल मी सांभाळू का तुम्ही सांभाळाल?”

प्रयोगातली गोष्ट मॅडमनी आजवर कधी रिपोर्टात आणली नव्हती. मॅडमची जीभ सगळ्या कॉलेजला माहीत होती, तसा त्यांचा डोळाही माहीत होता. तो चुकत नसे. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं.

चंद्रकलेचं गर्भाशय एनॅमलच्या ताटात आमच्याकडेच आलं. मॅडमनी स्वतः कापलं, सगळ्या काचा पाहिल्या. पडदा सगळीकडे शाबूत. “वेळेत काढलं,” त्या म्हणाल्या. वॉर्डात मी भेटायला गेलो, तर चंद्रकला भिंतीकडे तोंड करून पडली होती. “कॅन्सर होता म्हणतात, भाऊ,” ती म्हणाली. “जीव तं वाचला.”

मे महिन्यात मॅडमनी हे सगळं डिपार्टमेंटच्या सभेत मांडलं. मुंबईहून एक मोठे डॉक्टर पाहुणे आले होते. खस लावलेले कूलर, अंधार, प्रोजेक्टरच्या पडद्यावर एकेक पट्टी. पाहुणे मान डोलावत होते. शेवटची पट्टी झाली आणि मॅडमनी विचारलं, “काही प्रश्न?”

तिडके उभे राहिले. आता विचारलं होतं, म्हणून.

“मॅडम, नॉर्मलची पट्टी?”

मॅडम म्हणाल्या, “ठेवली नव्हती.”

“मी ठेवली, मॅडम.” त्यांनी खिशातून पाकीट काढलं. “ही निरोगी तुकड्याची. आणि ही नुसत्या पाण्याच्या थेंबाची.” दोन्ही पट्ट्यांवर स्वच्छ खिडक्या. “इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. आमची खोली पश्चिमेची. एप्रिलपासून खोलीच शरीरापेक्षा गरम आहे. पेटी तापवताना लागणारा दिवा तेव्हापासून लागलाच नाही, पारा मात्र चढत राहिला. ओला थर उन्हानंच ढिला पडून सुटून राहिला, मॅडम. तुमच्या खोलीत कूलर आहे, म्हणून लक्षात आलं नसेल.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. जो तिडक्यांवर हसला होता, तोच आवाज.

मॅडमनी पट्टी उजेडाला धरली. डावा डोळा मिटला. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. मी आज दाखवलं ते सगळं चूक आहे. दिवे लावा.” आणि पाहुण्यांकडे वळून, “नागपूरच्या उन्हाचा प्रयोग पाहिलात. तेवढा मात्र यशस्वी झाला.”

सभा संपल्यावर त्यांनी तिडक्यांना खोलीत बोलावलं. मी पट्ट्या परत ठेवायला गेलो होतो, मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

“कधीपासून माहीत होतं?”

“दिवा लागेना तेव्हापासून शंका होती, मॅडम.”

“मी फोन केला तेव्हा तू इथं उभा होतास.”

“होतो.”

“मग?”

तिडक्यांचा आवाज जराही चढला नाही. “तुमचीच शिस्त, मॅडम. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.”

मॅडम खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता तिडके संपले. पण मॅडमनी त्यांच्यावर काहीच केलं नाही. उलट पुढे त्यांच्या बढतीची शिफारस मॅडमनीच केली. स्वभावाच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले होते : ‘वाट पाहतो.’ तिडके ते स्वतः सांगायचे, हसत. त्यांच्या हसण्यात मी कधी सामील झालो नाही. चंद्रकला व्हरांड्यात बसली होती ते बाक त्यांच्या खोलीसमोरच होतं. मी साधा माणूस आहे, साधं बोलतो : त्या दिवशी मला दोघांपैकी कुणाच्याही हाताचं पाणी प्यावंसं वाटलं नाही.

इथं एक सांगितलं पाहिजे. मॅडमचा अंदाज चुकीचा नव्हता. त्या विषाणूची प्रथिनं पेशीकडून पडदा कापणारी एन्झाइम्स जास्त बनवून घेतात, हे पुढे जगातल्या प्रयोगशाळांनी दाखवलं. चोर बाहेरचा आणि कैची घरची, अगदी तसंच निघालं. खोटी होती ती चंद्रकलेची पट्टी.

पावसाळा सरल्यावर एक दिवस मॅडम बरण्यांच्या खोलीत आल्या. त्या तिथं कधी येत नसत.

“ती उमरेडची बाई तुझ्या ओळखीची ना? रविवारी जाऊ.”

“कशाला, मॅडम? तिला वाटतं कॅन्सर होता. वाटू द्या की.”

“चुकलेला रिपोर्ट मी परत घेते. आजवर घेत आले. काय गा ग्रॅज्युएट, एवढंही नाही शिकलास?”

एसटीत त्या खिडकीशी ताठ बसून होत्या.

चंद्रकला ओसरीवर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. आम्हाला बघून उठली, सतरंजी टाकली, परत चरख्याशी बसली. आतून माग चालल्याचा आवाज येत होता. नवरा विणत होता. दारात एक तरुण बाई पाण्याचे गिलास घेऊन आली. तिचं पोट दिसू लागलं होतं.

मॅडमनी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच बोलल्या, जशा सभेत बोलल्या होत्या. “चंद्रकला, तुझा कॅन्सर पसरलेला नव्हता. गर्भाशय काढायची गरज नव्हती. तोंडापुरतं काढून भागलं असतं. माझा प्रयोग चुकला, त्यावरून मी सगळं काढायला सांगितलं. चूक माझी आहे.”

कांडीवरचा धागा तुटला. चंद्रकलेनं तो शोधला, बोटांत धरून गाठ मारली, आणि चरखा पुन्हा फिरवला. थोडा फिरवला आणि थांबवला.

“म्हणजे पोरगं झालं असतं?”

“होऊ शकलं असतं.”

“मंग मले काहून सांगितलं, बाई?”

मॅडमना हा प्रश्न कळला नाही. मला दिसलं, कळला नाही.

“कॅन्सर होता म्हणून मी जगून राहिली होती,” चंद्रकला म्हणाली. तिचा आवाज हळू होता, आतल्या मागाच्या आवाजात कसाबसा ऐकू येत होता. “पोट गेलं तं जिवासाठी गेलं, म्हणे मी. याचं दुसरं लगन मीच लावून देलं. माह्या हातानं हळद लावली हिले. लोक म्हणत, मरणातून वापस आली बाई, मन मोठं हाय. आता कायच्यासाठी गेलं म्हणून सांगू मी मले? तुमचं वझं तुमी माह्या ओसरीवर आणून टाकलं. तुमी मोकळ्या झाल्या.”

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या. “खरं ते...”

“खरं तुमच्या दवाखान्यात ठेवा ना.” मग ती दाराकडे वळली. “चहा ठेव वं. आणि यांच्या पाया पड. ह्या डॉक्टरणीनंच तुले या घरात आणलं.”

ती पोरगी बिचारी, काही न समजून, पोट सावरत खरंच वाकली. मॅडम मागं सरकल्या, पायरीवर अडखळल्या. मी हात धरला. चंद्रकला पुन्हा चरखा फिरवत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. भाऊ म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

स्टँडवर आम्ही शेडखाली उभे राहिलो. मी रात्री मावशीकडे राहणार होतो, मॅडम एकट्याच परत जाणार होत्या. बस लागायला वेळ होता. एक पोरगा शेंगदाणे विकत होता, त्याला मॅडमनी नुसती मान हलवली.

“सांगायला नको होतं का रे?” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे पाहून नव्हे, समोरच्या चिखलाकडे पाहून. मॅडम प्रश्न विचारत तेव्हा उत्तर त्यांच्याकडे आधीच असे. समोरच्याला किती येतं एवढंच बघायचं असे. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तू काय सांगणार? जिला सांगितलं नाही अशी चंद्रकला आता कुठून आणणार आपण? याला नॉर्मलची पट्टी नाही.”

बस लागली. त्या चढल्या, उन्हाच्या बाजूला बसल्या. सावलीकडे जागा होती, तरी तिकडंच बसल्या. त्यानंतर त्या लांब रजेवर गेल्या आणि रजेतूनच निवृत्त झाल्या; मला पुन्हा दिसल्या नाहीत. बस हलताना त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे होते. इतकी वर्षं ज्या मिटलेल्या डोळ्याला मी घाबरत आलो, तो त्या दिवशी मिटावा असं मला फार वाटलं.